१२ मीटरवरच्या खडपापर्यंत लुअर पोचत नाही? वजन वाढवायच्या आधी तिथी बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकी कोणी नवीन माणूस वाचत असेल तर त्याच्यासाठी थोडक्यात परत सांगतो. तुम्ही वर्सोव्याहून होडी घेऊन दोन रविवार गेलात, फाइंडरवर (पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर) १२ मीटरला खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक, किंवा बुडालेलं काहीतरी दिसतं, त्याच्या अंगाला मासे दाखवणाऱ्या कमानी पण दिसतात. नांगर टाकून ४० ग्रॅमचा जिग, म्हणजे धातूचा जड लुअर (नकली आमिष), सोडला तर तळ लागल्याचं कळतच नाही, डीप डायव्हर (ओढला की खोल जाणारा लुअर) ओढून बघितला तर काहीच नाही, आणि ज्या दोन-तीन वेळा लुअर खाली टेकला त्या प्रत्येक वेळी अडकून तुटला. आता विचारताय ६० ग्रॅम घेऊ की ८०.

दोन्ही घेऊ नका, निदान आत्ता नको. तुमच्याच प्रश्नात एक गोष्ट आहे जी वाचून मला लगेच कळलं काय झालंय. तुम्ही लिहिलंय की पहिल्यांदा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेलो आणि मग दोन आठवड्यांनी. म्हणजे एकदा पौर्णिमेचं उधाण आणि एकदा अमावस्येचं उधाण, महिन्यातलं सगळ्यात जोरात पळणारं पाणी दोन्ही वेळा तुमच्या वाट्याला आलं. आणि वेळ लिहिलीय सकाळी साडेआठ ते अकरा. आपल्याकडे जुन्या लोकांचा हिशोब असा की तिथीला पाऊणने गुणायचं म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे दुपारी पाऊणच्या सुमारास भरती, आणि सकाळी साडेसहाच्या आसपास ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघायची, पण अंदाजाला हा हिशोब उत्तम. आता साडेसहाला पाणी चढायला लागलं तर साडेआठ ते साडेदहा म्हणजे तिसरा आणि चौथा तास झाला.

तिसरा-चौथा तास म्हणून का सांगतोय ते बघा. भरतीचे सहा तास धरले तर पाणी प्रत्येक तासाला सारखं चढत नाही, बारा हिस्से केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत सरकतं. समजा उधाणाला ओहोटी ०.४ आणि भरती ४.८ मीटर आहे, फरक ४.४, तर तिसऱ्या तासात पाणी एकशे दहा सेंटिमीटर चढणार. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाण्याचा जोर सगळ्यात कमी असतो तेव्हा, समजा ओहोटी १.७ आणि भरती ३.३, फरक १.६, तर त्याच तिसऱ्या तासात फक्त चाळीस सेंटिमीटर. जागा तीच, होडी तीच, जिग तोच, पण ओढीत एवढा फरक. तुम्ही महिन्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी दिवसातल्या सगळ्यात वाईट तासाला लुअर खाली सोडत होता, तिथे ८० ग्रॅमने थोडं बरं झालं असतं पण जमलं नसतं.

आपल्या कोळीवाड्यात डोल लावणारे लोक उधाणाची वाट बघतात, कारण डोल जाळं जागेवर उभं असतं आणि मासळी त्यात आणून टाकायचं काम पाण्याची ओढच करते, भांगाला त्यांचं काम मंदावतं. आपलं अगदी उलटं आहे. खोल खडपावर लुअर टाकणाऱ्याने भांग धरायचा, आणि त्यात अष्टमीपेक्षा नवमी-दशमी जास्त बरी कारण सगळ्यात कमी फरक अष्टमीला नाही तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतो. शिवाय भांगाला आपलं गढूळ पाणी थोडं निवळतं, माशाला लुअर दिसायला तेवढीच मदत.

हे मला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी आम्ही तिघं भाऊच्या धक्क्यावरून खांदेरीच्या बाजूला गेलो होतो, नऊ-दहा मीटर पाणी, खाली खडप, आणि सकाळभर मी वजन वाढवत होतो, ३० वरून ५०, ५० वरून ८०. लुअर खाली जायच्या ऐवजी होडीच्या मागे पताकेसारखा तरंगत राहायचा, आणि जो एखादा टेकायचा तो एवढ्या लांब आणि एवढ्या तिरक्या दोरीवर असायचा की मला कळेपर्यंत कपारीत गेलेला असायचा. सहा लुअर गेले. आमचा तांडेल (होडी चालवणारा) बराच वेळ बघत होता, शेवटी म्हणाला, पोरा, रॉड ठेव, चहा घे, अजून अर्धा तास हे पाणी पळणार आहे. अर्ध्या तासाने खरंच पाणी उभं राहिलं, आणि त्याने मला पिशवीतला सगळ्यात हलका, ३० ग्रॅमचा जिग बांधायला सांगितला. सरळ खाली. टक्क करून लागला, हातात जाणवलं. पुढच्या वीस मिनिटांत दोन हेकरू आणि एक तांब. त्या दिवसापासून मी घरून निघायच्या आधी तक्ता बघतो आणि मग पिशवी भरतो.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या प्रामाणिकपणे सांगतो. तुमच्या जागेची ओढ नक्की किती ते मी इथे बसून सांगू शकत नाही, खाडीच्या तोंडाशी जास्त असते, उघड्या समुद्रात कमी. खाली खडप आहे की लोखंड, त्यावर पण बरंच आहे. आणि वारा. आपल्याकडे पावसाळा सोडला तर दुपारी बारा-एकनंतर समुद्रावरून वारा सुटतो, मग पाणी थांबलेलं असलं तरी वारा होडीला ढकलतो आणि दोरी तिरकी होते. म्हणून मला सकाळची थांबलेली वेळ सगळ्यात प्रिय. दशमीला पाऊणचा हिशोब लावला तर भरती साडेसातच्या आसपास येते, उजेड असतो, वारा नसतो, पाणी थांबतं. उधाणाला ही थांबलेली वेळ जेमतेम पंधरा-वीस मिनिटं मिळते, भांगाला मी तासभर सुद्धा आरामात खेळलोय. एक लक्षात ठेवा, पाणी चढायचं थांबलं म्हणजे त्याच क्षणी ओढ थांबली असं नाही, काही जागांवर ओढ उशिरा थांबते, ते एकदा त्या जागेवर बसून घड्याळ लावूनच कळतं.

वेळेनंतर माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट दोरी, आणि याच्याकडे लोक बघतच नाहीत. तुम्ही ०.५० एमएमची नायलॉन लिहिलीय. हिशोब करा, अर्धा मिलिमीटर जाड आणि बारा मीटर लांब, पाण्याला आडवी जाणारी जागा झाली साठ चौरस सेंटिमीटर. तुमचा ४० ग्रॅमचा जिग समोरून बघितला तर त्याच्यापुढे काहीच नाही. म्हणजे पाणी तुमच्या जिगला कमी आणि दोरीला जास्त ढकलतंय, दोरीचा मोठा फुगा होतो आणि जिग त्या फुग्याच्या मागे ओढला जातो. त्याच जागी पीई २ ची ब्रेडेड, म्हणजे विणलेली दोरी, लावली (पीई हा तिच्या जाडीचा आकडा), ती साधारण ०.२३ एमएम असते, तर जागा अठ्ठावीस चौरस सेंटिमीटरवर येते, निम्म्याहून कमी. ब्रेडेड स्वतः पाण्यावर तरंगते हे खरं, पण इथे तरंगण्यापेक्षा जाडी महत्त्वाची. १२ मीटरसाठी मी पीई १.५ किंवा २ वापरतो, पुढे चाळीस-पन्नास पौंडाचा फ्लुरोकार्बन लीडर (ब्रेडेड आणि लुअरच्या मधला दोरीचा तुकडा), दीड-दोन मीटर, त्यापेक्षा लांब नाही. लीडर हवाच, कारण खाली कालवं असतात आणि ब्रेडेडला त्यांच्या धारेवर एक घासणं पुरे होतं. आणि दर दहा मीटरला रंग बदलणारी ब्रेडेड मिळते, ती घ्या, किती दोरी गेली ते डोळ्याला दिसतं. १२ मीटर पाण्यात १७ मीटर दोरी गेली असेल तर दोरी पंचेचाळीस अंशात तिरकी आहे, त्या कोनात टेकल्याचं पण कळत नाही आणि चावल्याचं पण कळत नाही, गुंडाळा आणि परत टाका.

मग वजन. वजनाचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही, दोरीवर पाणी ढकलत असताना खाली धरून ठेवायला वजनच लागतं. पण वजन दुप्पट म्हणजे बुडायचा वेग दुप्पट हे डोक्यातून काढा. आकार तोच, धातू तोच, फक्त जिग मोठा करून वजन दुप्पट केलं तर दोरीचा विरोध बाजूला ठेवून वेग जेमतेम बारा टक्के वाढतो, कारण जिग जड होतो तसा जाडही होतो. त्यापेक्षा आकार बदला. लांब, बारीक, शेपटाकडे जड असलेला जिग सुरीसारखा खाली जातो, रुंद चपटा जिग पानासारखा डुलत जातो. डुलणारा जिग मासा लागायला फार छान आहे पण तो थांबलेल्या पाण्यात. सॉफ्ट प्लॅस्टिकमध्ये, म्हणजे मऊ रबरी लुअरमध्ये, पण तेच, मोठी पॅडल शेपटी पाणी मारत मारत हळू जाते, सरळ बारीक शेपटीचं पटकन जातं. माझ्या वहीत १२ मीटरला ४० ग्रॅमचा लांब जिग नऊ-दहा सेकंद आणि २० ग्रॅमच्या जिगहेडवर (शिशाचं डोकं असलेल्या गळावर) चार इंची पॅडल सोळा-सतरा सेकंद असं लिहिलंय, पीई १.५ वर, थांबलेल्या पाण्यात. टंगस्टन शिशापेक्षा बरंच घट्ट, त्याच वजनात लहान दिसतं आणि तळाचा कडकपणा हाताला स्वच्छ सांगतं, पण महाग आहे, आणि अडकणाऱ्या जागेवर नवीन माणसाने टंगस्टन घेऊन जाऊ नये असं माझं मत.

टाकायची पद्धत. तुम्ही नांगरावर होता, म्हणजे होडी उभी आणि पाणी पळतंय. दीड नॉटची ओढ म्हणजे सेकंदाला पाऊण मीटरहून थोडं जास्त. तुमचा जिग दहा सेकंदात खाली जाणार तर तेवढ्या वेळात तो पाण्याबरोबर साडेसात-आठ मीटर वाहून जाणार. होडीच्या बाजूला सोडलात तर तो खडपावर पडणारच नाही, खडपाच्या आठ मीटर पुढे पडणार. म्हणून जिकडून पाणी येतं तिकडे, खडपाच्या आधी आठ-दहा मीटर फेकायचा आणि त्याला वाहत वाहत खाली यायला द्यायचं. आणि हे करताना बेल (रीलवरची दोरी अडवणारी तार) उघडी. ही चूक मी अनेक अनुभवी लोकांकडून होताना बघतो, लुअर पाण्यात पडला की लगेच बेल बंद करतात. बेल बंद झाली की लांबी ठरली, मग लुअर खाली न जाता झोपाळ्यासारखा गोल फिरून तुमच्याच बाजूला येतो आणि चार-पाच मीटरवर राहतो. बेल उघडी ठेवा, दोरी बोटांवरून हलकी सरकू द्या, सरकायची थांबून ढिली पडली की टेकला.

यापेक्षाही सोपं म्हणजे नांगर टाकूच नका. इंजिन न्यूट्रल करून होडी वाहू दिली तर होडी आणि लुअर दोन्ही एकाच पाण्याबरोबर जातात आणि वारा नसेल तर दोरी जवळजवळ उभी राहते. तांडेलाला सांगायचं, पाणी येतंय त्या बाजूला वीस-पंचवीस मीटर वर ने, तिथून सोडायचं, खडपावरून वाहत जायचं, पुढे गेलं की गुंडाळून परत वर यायचं. डिझेल थोडं जास्त जातं, पण एका लुअरच्या पैशात सकाळचं डिझेल निघतं. फक्त जिथे मोठ्या जहाजांचा चॅनेल आहे किंवा नेव्हीची हद्द आहे तिथे असं वाहत जायचं नाही, नांगर तर टाकायचाच नाही. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, त्या दिवसांत होडी घेऊन जायचा विचार पण नको.

फाइंडरचं एक सांगायचं राहिलं. स्क्रीनवर खडप दिसतं म्हणजे ते आत्ता तुमच्या खाली आहे असं नाही. साध्या फाइंडरचा कोन वीस अंशांच्या आसपास असतो, १२ मीटरला तो खाली चार मीटरहून जास्त रुंद गोल बघतो, त्या गोलात कुठेही असलेला दगड तो मध्यभागी असल्यासारखा दाखवतो. शिवाय उजव्या काठावर जे नवीन उमटतं तेच आत्ताचं, डावीकडे सरकलेलं सगळं मागे राहिलेलं. कमान दिसली म्हणून लुअर सोडेपर्यंत होडी दहा मीटर पुढे गेलेली असते. मी रिकाम्या बाटलीला पंधरा मीटर सुतळी गुंडाळून खाली शिसं बांधून ठेवतो, दिसलं की टाकली, मग परत येऊन बाटलीच्या मानाने टाकायचं, आणि निघताना बाटली काढून आणायची. जुने तांडेल हेच काम किनाऱ्यावरच्या दोन-दोन खुणा एका रेषेत जुळवून करतात, पुढची चिमणी मागच्या डोंगराच्या टोकाला लागली आणि दुसऱ्या बाजूला देवळाचा कळस टॉवरच्या कडेला आला की जागा आली. ते शिकून घ्या, बॅटरी लागत नाही.

डीप डायव्हरबद्दल थोडक्यात. फेकून ओढायचा लुअर बहुतेक चार ते सहा मीटर जातो, तो पण बारीक दोरीवर, लांब फेकून, रॉडचं टोक पाण्याला टेकवून, आणि पूर्ण खोली त्याला मधल्या टप्प्यातच मिळते, सुरुवातीला तो उतरत असतो आणि शेवटी चढत असतो. १२ मीटरला तो पोचणार नाही, कितीही जोरात रील फिरवलं तरी नाही. तो खाडीत पुलाच्या खांबांना आणि जेट्टीच्या बाजूला पाच मीटर पाण्यात वापरा, तिथे त्याची लिप (तोंडापुढची पट्टी) दगडाला आपटून लुअर बाजूला उडतो तेव्हाच जिताडा मासा घेतो.

तर तुमच्यासाठी क्रम असा, आधी तिथी आणि तास, मग दोरी, मग होडी कशी उभी ते, मग लुअरचा आकार, आणि सगळ्यात शेवटी ग्रॅम.

आता अडकण्याचं, कारण पोचायला लागल्यावर हे दुखणं वाढणार. लुअर टेकला की तुमच्याकडे एक सेकंद आहे. दोरी ढिली पडताक्षणी बेल बंद आणि अर्धा मीटर वर. पडू दिला, बघत बसलात, की ओढ त्याला कपारीत नेते. आणि तळाला घासायची गरजच नाही, जिताड्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या गोष्टीवर झेपावतो, हेकरू पण खडपातून वर येऊन घेतो आणि परत आत पळतो. म्हणजे लुअर खडपाच्या हातभर वर खेळवायचा. मात्र लांब नाही, आपल्या गढूळ पाण्यात मासा दोन-तीन मीटरवरून बघून येणार नाही, जवळच पडला पाहिजे आणि जवळच राहिला पाहिजे. जिगच्या खालचा ट्रेबल (तीन टोकांचा गळ) काढून टाका, वरच्या कडीला एकच असिस्ट हुक (छोट्या दोरीला बांधलेला गळ) ठेवा, अडकणं निम्म्यावर येतं. सॉफ्ट प्लॅस्टिक असेल तर गळाचं टोक प्लॅस्टिकच्या आत लपवून बांधा. खूपच वाईट जागा असेल तर शिसं खाली आणि लुअर त्याच्या हातभर वर अशी जोडणी करा, आणि शिसं लीडरपेक्षा कच्च्या नायलॉनने बांधा, अडकलं तर फक्त शिसं जाईल, लुअर आणि मासा परत येईल.

अडकलाच तर रॉडने हिसके देऊ नका, रॉड मोडतो. होडी उलट्या बाजूला न्या, ज्या दिशेने आत गेला त्याच दिशेने तो बाहेर येतो, दहातले सहा-सात असेच सुटतात. नाहीच सुटला तर दोरी एका लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून सरळ ओढा, हाताला कधीच नाही, ब्रेडेड हाडापर्यंत जाते, मी एका मित्राचं बोट असं कापलेलं बघितलंय. आणि लीडरच्या गाठीला तुटेल अशी बांधणी ठेवा, पन्नास मीटर ब्रेडेड खडपावर सोडून आलो तर ती तिथे वर्षानुवर्षं मासे आणि खेकडे मारत राहते, ते आपल्याच जागेचं नुकसान.

मोठा जिताडा लागला तर एक विनंती आहे. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे जो खरा मोठा असतो ती बहुतेक अंड्यांची मादी. घरी न्यायला मधल्या आकाराचा घ्या, मोठ्या मादीचा फोटो काढून तिला पाण्यात सोडा.

या महिन्यातली दशमी बघा, भरतीच्या तासभर आधी जागेवर पोचा, लाइफ जॅकेट घालून. तुमचाच ४० ग्रॅमचा जिग, फक्त लांब आकाराचा, पीई २ वर. टेकायला किती सेकंद लागले ते पाणी पळत असताना एकदा, थांबल्यावर एकदा आणि परत पळायला लागल्यावर एकदा असं तीनदा मोजून लिहून ठेवा. ते तीन आकडे इथे टाका, मग त्या जागेला किती ग्रॅम लागतात ते नीट सांगता येईल.